कमिशनरबाई आयुक्त, सचिव की मंत्री?

प्रश्न – एडिसन, न्यू जर्सी

मंडळी, एका निमंत्रणपत्रिकेत अडकलोय. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला राज्य सरकारातल्या एका खात्याच्या प्रमुख येणार आहेत. इंग्रजीत त्यांचं पद 'कमिशनर'. दोन वर्षांपूर्वी अशाच एक पाहुण्या आल्या होत्या आणि निवेदनाचा कागद माझ्या हातात होता. मी सरळ 'आयुक्त' म्हणून मोकळा झालो. तिसऱ्या रांगेतले एक काका शेजाऱ्याला, त्यांच्या मते हळूच, म्हणाले, "कुठल्या महापालिकेच्या?" पुढच्या तिन्ही रांगा हसल्या. काय झालं ते न कळता पाहुण्याही हसल्या.

त्याआधी आमच्या स्मरणिकेत न्यू जर्सीच्या 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'चं 'परराष्ट्रमंत्री' झालं होतं. या राज्याला परराष्ट्र धोरण असलंच तर ते न्यू यॉर्कबद्दल! ते खातं प्रत्यक्षात निवडणुका, कला, पर्यटन, अभिलेखागार असलं काम बघतं.

तर गव्हर्नरने नेमलेल्या या मंडळींना मराठीत काय म्हणावं? आणि गव्हर्नरला तरी राज्यपाल म्हणावं का?

पुणे

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं. राज्यपाल म्हणू नका. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तिथला लोक निवडून देतात. 'राज्यपालांनी आपलं मंत्रिमंडळ नेमलं' असं वाक्य मराठी वाचकाने वाचलं तर सरकार पडून काहीतरी घोळ झाला असंच त्याला वाटेल. 'गव्हर्नर' हा शब्द एल्फिन्स्टनच्या काळापासून आपल्याकडे आहे, रिझर्व्ह बँकेत आजही आहे. तोच ठेवा.

पहिल्याचं उत्तर माझ्या मते 'मंत्री'. खातं चालवतात, गव्हर्नरच्या बैठकीला बसतात, गव्हर्नर बदलला की सहसा जातात. वॉशिंग्टनच्या 'सेक्रेटरीं'ना आपण संरक्षणमंत्री, अर्थमंत्री म्हणतोच की. मग न्यू जर्सीच्या राजधानीतल्या, ट्रेंटनच्या लोकांनी काय घोडं मारलंय?

मुंबई (मंत्रालयातून निवृत्त)

घोडं मारलं नाही, पण निवडणूकही लढवली नाही. मी ३० वर्षं नस्त्या, म्हणजे फायली, फिरवल्या. कार्यासनातून टिपणी निघते, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव करत सचिवांकडे जाते आणि सगळ्यात वर मंत्र्यांची सही. ही उतरंड आमच्या हाडात असते. 'मंत्री' म्हटलं की तो आमदार असणार. आज नसला तर सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहात जाणार, नाहीतर घरी जाणार. राज्यघटनेचं कलम १६४ तेच सांगतं. 'सचिव' म्हटलं की परीक्षा देऊन आलेला, आज कृषी, उद्या नगरविकास. पदाचं नाव ऐकल्याबरोबर माणूस कुठल्या वाटेने आला ते आम्हाला कळतं. एडिसनकर, तुमच्याकडचे लोक कुठल्या वाटेने येतात ते आधी सांगा. मग शब्द शोधू.

एडिसन

निवृत्त साहेब, मुद्दा एकदम मान्य. फिल मर्फी २०१८ मध्ये गव्हर्नर झाले, त्यांच्या काळातलीच उदाहरणं देतो. ते स्वतः गोल्डमन सॅक्समधले बँकर, मग जर्मनीत अमेरिकेचे राजदूत.

ज्युडिथ पर्सिचिली २०१९ पासून २०२३ पर्यंत आरोग्य खात्याच्या कमिशनर होत्या. पेशाने नर्स. अतिदक्षता विभागातून सुरुवात केली, रुग्णालय चालवलं, पुढे कॅथलिक रुग्णालयांच्या एका मोठ्या समूहाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या आधीचे शरीफ एल्नाहाल डॉक्टर.

गुरबीर ग्रेवाल ॲटर्नी जनरल होते. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचे पहिले शीख ॲटर्नी जनरल. त्याआधी बर्गन काउंटीचे सरकारी वकील. बहुतेक राज्यांत हे पद निवडणुकीचं असतं, इथे गव्हर्नर नेमतो.

एलिझाबेथ मुओयो राज्याच्या ट्रेझरर होत्या. वकील, आणि नेमणुकीच्या वेळी इथल्या असेंब्लीच्या सदस्य, म्हणजे आपल्या हिशोबाने आमदार. आता गंमत बघा. तुमच्याकडे मंत्री व्हायला आमदार व्हावं लागतं. इथे आमदाराने असं पद घेतलं की त्याची सभागृहातली जागा रिकामी होते.

म्हणजे नर्स, डॉक्टर, सरकारी वकील, आमदारकी सोडून आलेली बाई, सगळे एकाच टेबलाभोवती.

मुंबई (निवृत्त)

मग हे मंत्रीही नाहीत आणि सचिवही नाहीत. आमच्या इमारतीत या लोकांना बसायला मजलाच नाही.

पुणे

तरी 'आयुक्त'मध्ये वाईट काय? शब्दशः तोच होतो. काकांना हसू द्या.

एडिसन

काका निदान अर्धे बरोबर निघाले. न्यू जर्सीत काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाच्या सदस्यांना शेकडो वर्षं 'फ्रीहोल्डर' म्हणत. तो शब्द जुन्या जमीनदारीचा आणि वर्णभेदाचा वारसा सांगतो म्हणून १ जानेवारी २०२१ पासून बदलला आणि त्यांनाही नाव दिलं 'कमिशनर'! आता इथे राज्याचं खातं चालवणारी नेमलेली बाई कमिशनर आणि आपल्या जिल्हा परिषद सदस्यासारखा निवडून आलेला गडीही कमिशनर. इंग्रजीचीच ही गत, मराठीने का रडावं.

बदलापूर (भाषांतराचं काम करते)

मला 'आयुक्त'ची वेगळीच भीती वाटते. २०२० चा करोनाचा काळ आठवा. शेजारशेजारच्या तीन राज्यांत आरोग्य खात्याच्या प्रमुख तीन बायका. न्यू जर्सीत पर्सिचिली, पद कमिशनर. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनियात बालरोगतज्ज्ञ रेचल लेव्हिन, पद सेक्रेटरी. त्यापलीकडे ओहायोत डॉक्टर ॲमी ॲक्टन, पद डायरेक्टर. खुर्ची तीच, नेमणारा गव्हर्नरच, रोज टीव्हीवर आकडे सांगायचं कामही तेच.

आता हे शब्दशः मराठीत आणा. आयुक्त, सचिव, संचालक. महाराष्ट्रात आरोग्य खात्याचा सचिव वर, आरोग्य सेवा आयुक्त त्याच्या खाली, संचालक आणखी खाली. मराठी वाचक काय समजेल? पेनसिल्व्हेनियाने प्रश्न गंभीरपणे घेतला, न्यू जर्सीने बरा, आणि ओहायोने कुणा कनिष्ठाला पुढे केलं. प्रत्येक शब्दाचं भाषांतर बरोबर आणि अख्खी बातमी चूक. एकदा असा मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता. मी तिन्ही पदनामं खोडून तिथे 'आरोग्य खात्याच्या प्रमुख' लिहिलं. संपादक म्हणाले, फार साधं वाटतं. म्हटलं, वाटू दे.

नागपूर

बदलापूरच्या ताई, 'फार साधं' ही तर पावती समजा.

'सचिव'बद्दल थोडं. हा शब्द जन्मतः कारकुनी नाही. संस्कृतात सचिव म्हणजे सोबती, बरोबर असणारा. अमरकोशात दोन प्रकार दिलेत. सल्ला देणारा तो धीसचिव, म्हणजेच मंत्री किंवा अमात्य. बाकीचे, कामाला जुंपलेले, कर्मसचिव. दीड हजार वर्षांपूर्वीची ही वाटणी मंत्रालयाच्या उतरंडीत कशी बसते बघा. इंग्रजी 'सेक्रेटरी'चीही गोष्ट अशीच, गुपितं ठेवणारा विश्वासू माणूस. त्याचा एकीकडे मंत्री झाला आणि दुसरीकडे टंकलेखन करणारा स्टेनो.

आणि अष्टप्रधान विसरू नका. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी फारसी पदनामं बदलली, तेव्हा सुरनीसाचा सचिव झाला, वाकनीसाचा मंत्री, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. सचिव आणि मंत्री एकाच ओळीत, दोघंही नेमलेले, दोघंही राजाला उत्तरदायी. अण्णाजी दत्तो सचिव होते, जमिनीच्या मोजणीचं आणि धाऱ्याचं काम जाणणारे. दत्ताजी त्रिंबक मंत्री. तुमच्या गव्हर्नरच्या टेबलाला महाराष्ट्रात काही जवळचं असेल तर ते १६७४ सालचं, आजचं मंत्रिमंडळ नव्हे. महाराजांनी ही पदं वंशपरंपरेने दिली नव्हती. पुढे ती घराण्यांत मुरली आणि भोरला पंतसचिव झाले.

एडिसनकरांसाठी एक खास गोष्ट. अष्टप्रधानांतल्या मंत्र्याकडे, म्हणजे वाकनीसाकडे, आमंत्रणं-निमंत्रणंही असत. सध्या मंडळात तुम्हीच मंत्री.

एडिसन

हे घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, मग पत्रिका वेळेवर पाठवा, मंत्रिमहोदय.

ठाणे

'सेक्रेटरी ऑफ स्टेट'ला 'राज्यमंत्री' का नको? राज्याचा मंत्री, सरळ.

मुंबई (निवृत्त)

अहो, राज्यमंत्री म्हणजे आमच्याकडे कॅबिनेट मंत्र्याच्या खालचा. ज्याच्याकडे नस्त्याच येत नाहीत अशी त्याची कायमची तक्रार असते. तो शब्द अजिबात नको.

बदलापूर

ॲटर्नी जनरललाही सांभाळून घ्या. पटकन 'महाधिवक्ता' सुचेल. आपला महाधिवक्ता सरकारला कायदेशीर सल्ला देतो, कोर्टात उभा राहतो. न्यू जर्सीचा ॲटर्नी जनरल आख्खं कायदा आणि सार्वजनिक सुरक्षा खातं चालवतो, राज्य पोलीस त्याच्या हाताखाली. म्हणजे वकिलाच्या कोटात बराचसा गृहमंत्री. ग्रेवाल यांना नुसतं 'महाधिवक्ता' म्हटलं तर अर्धा माणूस गायब. मी 'ॲटर्नी जनरल' ठेवते आणि पुढे एका वाक्यात काम सांगते.

एडिसन

आता 'बॅकग्राउंड'. पत्रिकेसोबत पाहुण्यांची ओळख छापायची आहे. 'त्यांची पार्श्वभूमी शिक्षणाची आहे' असं एकाने लिहून दिलंय. मला ते खटकतं, पण का ते सांगता येत नाही.

नागपूर

खटकणारच. मराठीत माणसाच्या अंगाला 'पार्श्वभूमी' चिकटते ती बहुतेक गुन्हेगारीची. उमेदवाराची पार्श्वभूमी म्हटलं की वाचक पुढे किती गुन्हे दाखल ते शोधतो. बाकी 'पार्श्वभूमीवर' हा शब्द बातमीदारांचा. निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर, पावसाच्या पार्श्वभूमीवर, कशाच्याही पार्श्वभूमीवर.

'पेशाने शिक्षिका' लिहा. किंवा क्रियापदावर जा: '२० वर्षं शाळेत शिकवलं.' 'मूळच्या शिक्षिका' मात्र टाळा. 'मूळच्या' म्हटलं की पुढे साताऱ्याच्या की सांगलीच्या हेच यायला हवं.

ठाणे

पेशा आणि पेशवा एकच ना? पेशा असलेला तो पेशवा?

नागपूर

नाही हो. दोन्ही फारसीतून आले, पण घरं वेगळी. 'पेश' म्हणजे पुढे, म्हणून पुढे चालणारा पेशवा. पेश करणं, पेशी त्याच घरातले. 'पेशा' म्हणजे धंदा, कसब. ऐकायला भाऊ वाटतात इतकंच.

पुणे

मी 'मंत्री' मागे घेतो. पण बदलापूरकरांच्या 'खातेप्रमुख'वर एक शंका. जिल्हा परिषदेत खातेप्रमुख म्हणजे तिथले विभागांचे अधिकारी. मग काका विचारतील, "कुठल्या जिल्हा परिषदेच्या?"

बदलापूर

म्हणून सुटा शब्द नको, 'राज्याच्या अमुक खात्याच्या प्रमुख' असं उलगडून लिहायचं. 'राज्याच्या' आलं की जिल्हा परिषद आपोआप बाद.

एडिसन

अजून एक पेच. आमच्या पाहुण्यांच्या नावामागे सध्या 'ॲक्टिंग' आहे. गव्हर्नरने नेमलं, त्या कामाला लागल्या, पण राज्याच्या सिनेटची संमती बाकी आहे. 'प्रभारी' चालेल?

मुंबई (निवृत्त)

प्रभारी म्हणजे स्वतःचं टेबल सांभाळून शेजारच्याचाही कार्यभार घेतलेला. यांचं तर स्वतःचंच टेबल आहे. 'कार्यकारी' म्हटलं की मागे अभियंता उभा राहतो. 'काळजीवाहू' जाणाऱ्याला म्हणतात, या तर येणाऱ्या.

नागपूर

'नियोजित' चांगला शब्द आहे. नियोजित वधू, नियोजित संमेलनाध्यक्ष. ठरलंय, पण अक्षता पडायच्यात. मात्र बाई कामाला लागल्या असतील तर तो चालणार नाही. लग्नाआधीच सासरी नांदायला गेल्यासारखं होईल. 'हंगामी' बघा. विधानसभेचा हंगामी अध्यक्ष लोकांना माहीत आहे.

एडिसन

हंगामी म्हटलं की मला ऊसतोड आठवते. पत्रिकेत पदच तेवढं छापतो, 'ॲक्टिंग'चं निवेदनात बघू. तसंही संमती कधी मिळेल हे इथे कुणी सांगू शकत नाही. न्यू जर्सीच्या सिनेटमध्ये एक अलिखित रिवाज आहे. नेमलेला माणूस ज्या काउंटीत राहतो तिथल्या सिनेटरने हरकत घेतली तर नेमणूक तशीच लोंबकळते, कारणही सांगावं लागत नाही. याला म्हणतात 'सिनेटोरियल कर्टसी'. याचं 'सौजन्य' कसं करू? फोटोखाली छापतात तसं वाटेल.

मुंबई (निवृत्त)

'सिनेटरचा मान' म्हणा. गावच्या होळीला पहिला नारळ पाटलाचा, तसा. मान दिला नाही तर होळी पेटत नाही.

एडिसन

वा! झालं तर मग. पत्रिकेतली ओळ अशी जाते: 'प्रमुख पाहुण्या: न्यू जर्सी राज्याच्या शिक्षण खात्याच्या प्रमुख.' खाली नाव आणि 'पेशाने शिक्षिका'.

ठाणे

ते सगळं ठीक, पण मुओयोबाईंचं काय ठरलं? स्टेट ट्रेझरर म्हणजे राज्याच्या खजिनदार ना?

एडिसन

ते आमच्या मंडळाच्या खजिनदारांना दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्याकडे खजिना होता म्हणून त्या खजिनदार, माझ्याकडे हॉलच्या भाड्याची उधारी आहे, मला काय म्हणता ते आधी ठरवा.