रॅकहॅमची परीकथांची चित्रं: कमाल रंगाची की रेषेची?

रेषावेडा: ग्रिम बंधूंच्या परीकथांना इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅमएवढा न्याय कुणीच दिलेला नाही, हे माझं ठाम मत. १९०९ च्या आवृत्तीत ४० रंगीत चित्रं आहेत, त्यातलं हॅन्सेल-ग्रेटेलचं बघा, म्हातारी चेटकीण कुबडीवर रेलून दारातून बाहेर येतेय, पोरं समोर उभी, आणि सगळा रंग मातकट, तपकिरी. आधी पेन्सिल, मग काळी शाई, त्यावर पातळ पारदर्शक वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा हात, एक वाळला की दुसरा. तिथे भडक हिरवा लावला असता तर ते जंगल बागेसारखं दिसलं असतं.

निळाई: अजिबात पटलं नाही. हे वॉटरकलर नव्हे, रंगवलेलं ड्रॉइंग आहे. रंग काढून टाका, काही बिघडत नाही, भीती सगळी शाईत आहे. त्याचीच १९०० ची ग्रिमची आवृत्ती मुखचित्र सोडलं तर काळीपांढरीच होती की! जलरंग बघायचा तर त्याच काळातला चित्रकार एडमंड ड्युलॅक, त्याची १९११ ची अँडरसनच्या कथांची चित्रं बघा. वाटाणा टोचणारी राजकन्या, गाद्यांची ती उंचच उंच चळत आणि ही वर टोकाला. हिमराणीच्या चित्रांत तर थंडी नुसत्या निळ्यातून अंगावर येते, काळ्या आऊटलाइनची गरजच पडत नाही.

जुनाछापखाना: दोघंही छपाई विसरताय. तेव्हा रंगीत चित्रं हाफटोन ब्लॉकने, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या ठशांनी छापायचे, एकावर एक रंग चढवत, गुळगुळीत कागदावर, आणि मग ती पुस्तकात चिकटवायचे. रंग केसभर सरकला तरी रॅकहॅमची काळी रेषा ते सांभाळून घ्यायची. ड्युलॅक त्याच्याहून १५ वर्षांनी लहान, त्याच्या हाती तंत्र जरा सुधारलेलं आलं म्हणून तो नुसत्या रंगावर विसंबू शकला. यात थोर कोण हा प्रश्नच येत नाही.

रेषावेडा: छपाईचं मान्य, पण सगळं श्रेय तिला नका देऊ. मूळ चित्रं लंडनच्या लेस्टर गॅलरीत लागायची, विकलीही जायची, म्हणजे लोक ती चित्रं म्हणूनच घेत होते ना? आणि निळाई, १९०० ची बरीच चित्रं त्याने पुन्हा हातात घेऊन १९०९ साठी रंगवली. नुसती रेषा पुरत होती तर एवढी मेहनत कशाला घेतली असती?

सातवीतलीचीआई: माझ्या मुलीला लहानपणी रॅकहॅमची झाडं बघून भीती वाटायची, त्या मुळांना बोटं आहेत म्हणायची. तरी तेच पान परत परत उघडायची. ड्युलॅकची चित्रं तिला आवडतात पण त्यांच्यापाशी ती थांबत नाही.

निळाई: रंगवली कारण रॅकहॅमच्याच चित्रांच्या १९०५ च्या 'रिप व्हॅन विंकल' पुस्तकानंतर भेट द्यायच्या महागड्या सचित्र पुस्तकांना प्रचंड मागणी आली होती, त्यात कलेची गरज मला तरी दिसत नाही. आणि ताई, तुमच्या मुलीला थांबवलं ते त्या बोटांनी, म्हणजे रेषेनेच. मी तेच म्हणतेय ना पहिल्यापासून!

रेषावेडा: ती बोटं त्या तपकिरी धुक्यातून अर्धीच बाहेर येतात म्हणून भीती वाटते. पांढऱ्या कागदावर हीच झाडं काढून मुलीला दाखवा, मग बोलू.