पित्ताचा खडा की पित्ताशयातला खडा? आणि आतड्यातल्या बॅक्टेरियांना घरात काय म्हणायचं?

चकली:
शब्द हवाय, आणि जरा घाईत हवाय. आईच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, दोन-तीन बारीक. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की आतड्यातल्या बॅक्टेरियांचाही ह्या खड्यांशी संबंध दिसतोय हल्ली. घरी येऊन आईला मराठीत सांगायला गेले आणि तोंडातून निघालं, "पोटातल्या जंतूंमुळे पण होतात म्हणे." दुसऱ्या दिवशी बघते तर आईनं जंताची गोळी घेतलेली, बाबांना पण दिलेली, कारण एकाला जंत झाले की घरातल्या सगळ्यांनी घ्यायची असते ना! वर तिचं म्हणणं की पित्ताचे खडे म्हणजे पित्त वाढल्यामुळेच, सकाळचा उपाशीपोटी चहा बंद केला की विरघळतील. आता सांगा, चूक माझी, आईची की मराठीची?

घाटमाथा:
हाहा, मराठीची अर्धी तरी आहे. जंत आणि जंतू मुळात एकच, संस्कृतात जंतू म्हणजे कुठलाही जीव, "जीवजंतू" मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे. पुढे मराठीत जंत झाले पोटातले किडे आणि जंतू झाले रोग करणारे. जंतुनाशक, निर्जंतुक, जंतुसंसर्ग, सगळीकडे जंतू म्हणजे मारायची वस्तू. आतड्यात कायम मुक्कामाला असलेल्यांना तो शब्द लावला की ऐकणारा गोळीच शोधणार. पुस्तकात जीवाणू आहे, तो बरोबर आहे, फक्त जीवाणू-विषाणूत अर्धा महाराष्ट्र गोंधळतो.

चकली:
मग आईला काय सांगू, "तुझ्या आतड्यात जीवाणू आहेत"? ती परत घाबरेल.

ओसरी:
विरजण म्हणा. "दह्यात जसं विरजण असतं तसं आपल्या आतड्यातही असतं, ते खाल्लेल्यावर आणि पित्तरसावर काम करतं." माझ्या सासूबाईंना हे एका वाक्यात कळलं होतं. विरजण चांगलं असतं, बिघडतंही, आणि बिघडलं म्हणून कोणी औषध घालून मारत नाही, दुसऱ्या घरून चांगलं आणतात.

रात्रपाळी:
विरजण भारीच आहे, कारण आतड्यात जे होतं तेही एकाचं दुसरं करणंच आहे. मी लॅबमध्ये आहे म्हणून थोडं लांबण लावते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती पित्तरसातून आतड्यात उतरतात, तेलतूप पचवायला मदत करतात, आणि त्यातली साधारण ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन परत यकृतात जातात. उरलेली मोठ्या आतड्यात पोचतात, तिथे हे तुमचं विरजण त्यांच्यावर बसतं आणि त्यांचं रूप बदलतं, कोलिक आम्लाचं डीऑक्सीकोलिक होतं. हे बदललेलंही थोडं परत शोषलं जातं, यकृतातून फिरून पित्तात येतं, आणि त्याचं प्रमाण वाढलं की पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं. पित्तरसात विरघळेल त्यापेक्षा कोलेस्टेरॉल जास्त झालं की त्याचे स्फटिक धरतात, पाकात साखर जास्त झाली की कडेला खडीसाखर धरते ना तसंच. पित्ताशय नीट रिकामं होत नसेल तर त्या स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो.
२०२२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी खडेवाल्या रुग्णांच्या विष्ठेतले जीवाणू, ज्यांना सहसा खडे होत नाहीत अशा जातीच्या उंदरांत घातले आणि त्यांना खडे झाले. डिसल्फोव्हिब्रिओ नावाच्या गटावर त्यांचा मुख्य संशय होता. पण उंदीर तो उंदीर, माणसात हा अजून "संबंध" आहे, "कारण" म्हणू नका. वय, बाईपण, बाळंतपणं, वजन, घराण्यातला वारसा ही मोठी कारणं आहेतच.

घाटमाथा:
संबंध आणि कारण, हा वेगळा धागा होईल. मला "पित्त" वर यायचंय, खरी गोची तिथे आहे. मराठी माणसाचं पित्त किती प्रकारचं बघा. छातीत जळजळ झाली, पित्त झालं. अंगावर गांधी आल्या, पित्त उठलं. साहेबांचं डोकं फिरलं, पित्त खवळलं. आयुर्वेदातला दोष तो वेगळा. आणि यकृतातून येणारा हिरवा-पिवळा रस, तोही पित्तच! ह्या शेवटच्याचा जळजळीशी जवळजवळ काही संबंध नाही, जळजळ जठरातल्या आम्लाची. पण जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखतंय, मळमळतंय, तर माणूस "पित्तच असेल" म्हणून सहा सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खातो. म्हणून मी "पित्ताचा खडा" च्या विरोधात आहे, "पित्ताशयातला खडा" म्हणा. निदान जागा तरी कळते.

भोपळा:
आमच्या विदर्भात हा वादच नाही, सरळ पथरी. किडनीतली पण पथरी, पित्ताशयातली पण पथरी, फक्त डॉक्टर कुठली ते विचारतो 😀 आणि सिकलसेलवाल्या पेशंटमध्ये काळे खडे बघितलेत, ते कोलेस्टेरॉलचे नसतात. तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातल्या रंगद्रव्याचे होतात. तिथे आतड्यातल्या विरजणाला कशाला दोष.

रात्रपाळी:
बरोबर. आणि तिसरे तपकिरी, ते बहुतेक पित्तनलिकेत होतात. तिथे मात्र जीवाणू उघड गुन्हेगार, पित्तात शिरून एका एन्झाइमनं बिलिरुबिनला, म्हणजे त्याच रंगद्रव्याला, जोडलेला भाग तोडतात, मग ते कॅल्शियमबरोबर खाली बसतं. तिथे जंतू म्हटलं तरी चालेल, ते नको त्या घरात घुसलेले असतात.

ओसरी:
पित्ताश्मरी शब्द कसा वाटतो? अश्मरी म्हणजे खडा, भारदस्त आहे.

घाटमाथा:
भारदस्त आहे पण फसवा आहे हो ताई. सुश्रुतात अश्मरीचे चार प्रकार आहेत आणि सगळे मूत्राशयातल्या खड्याचे, त्यातला एक पित्ताश्मरी, म्हणजे पित्तदोषानं झालेला मुतखडा, बिब्ब्याच्या बीसारखा दिसतो म्हणून वर्णन आहे. कोणी वैद्यकाच्या जुन्या पोथीतला पित्ताश्मरीवरचा काढा शोधून पित्ताशयाच्या खड्याला घेतला तर शब्दानं माणूस भलत्याच अवयवाला नेला म्हणायचं. साधा खडा बरा. खडे मीठ, अंगठीतला खडा, खडानखडा माहिती, कुणाच्या नावानं खडे फोडणं, किती कामाचा शब्द आहे!

चकली:
आईनं कालच माझ्या नावानं फोडले. बरं, कोलेस्टेरॉल हा शब्द तरी खड्यांशी संबंधित आहे का, की मलाच सगळीकडे खडे दिसायला लागलेत?

रात्रपाळी:
अगं आहेच! ग्रीक खोले म्हणजे पित्त आणि स्टेरेऑस म्हणजे घट्ट. हा पदार्थ आधी पित्ताशयाच्या खड्यातच सापडला होता अठराव्या शतकात, मग १८१५ च्या सुमारास शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं कोलेस्टेरिन नाव ठेवलं. म्हणजे आपण हृदयाच्या नावानं घाबरतो तो शब्द मुळात "घट्ट पित्त". आणि पित्ताम्लांची बाकीची नावं तर प्राणीसंग्रहालय आहे. चीनोडीऑक्सीकोलिक मधलं चीन म्हणजे देश नाही, ग्रीकमध्ये हंस-बदकाच्या जातीतला पक्षी, त्याच्या पित्तात सापडलं म्हणून. अर्सोडीऑक्सीकोलिक मधलं अर्सो म्हणजे अस्वल, लॅटिन. बारीक, कोलेस्टेरॉलच्या खड्यांना कधीकधी डॉक्टर जी अर्सोची गोळी देतात ती म्हणजे शब्दशः अस्वलाची गोळी, आता अर्थात कारखान्यात बनते. मजा म्हणजे तेच आम्ल आपल्या आतड्यातले जीवाणूही थोडं बनवतात. लिथोकोलिक तर सरळ खड्याचं, गुरांच्या पित्ताशयाच्या खड्यात सापडलं.

ओसरी:
गुरांच्या खड्यात? म्हणजे गोरोचन!! आमच्याकडे आजी गोरोचनाची डबी जपून ठेवायची, आणि मला चाळिशीपर्यंत ते एखादं झाड वाटायचं. गाईच्या पित्ताशयातला खडा पूजेला चालतो आणि माणसाच्या खड्याला ऑपरेशन.

भोपळा:
ऑपरेशनवरून आठवलं, "दुर्बिणीचं ऑपरेशन" हा शब्द मला जाम आवडतो. दुर्बीण म्हणजे दूरचं बघायची नळी, आणि आपण ती पोटात घालतो. भारतातलं पहिलं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन मुंबईतच, जेजेला, १९९० मध्ये, डॉ. तेहमतन उडवाडियांनी केलं.

घाटमाथा:
दूर नव्हे, आत बघायची. अंतर्बीण म्हणायला हवं, पण कोणी म्हणणार नाही.

चकली:
आईला सांगितलं. विरजण शब्द चालला, लगेच कळलं. पित्ताशयातला खडा पण चालला. चहा मात्र बंदच आहे तिचा, आणि वर दोन उपास वाढवलेत. म्हणे पोटाला विश्रांती.

रात्रपाळी:
अगं नको! फार वेळ उपाशी राहिलं की पित्ताशय रिकामंच होत नाही, पित्त आत साचून राहतं, आणि झपाट्यानं वजन उतरलं तरी खडे होतात. चहा चालू कर म्हणावं आणि जेव वेळेवर. ताप, कावीळ किंवा न थांबणारं दुखणं आलं तर मात्र शब्द शोधत बसू नका, सरळ दवाखाना.

चकली:
सांगते. "लॅबवाल्या मावशींनी चहा प्यायला सांगितलाय" म्हटलं की तेवढं नक्की ऐकेल.