मदत हवी आहे: फाशांचे (२,५) आणि (५,२) वेगळे, मग समितीत अ-ब आणि ब-अ एकच कसे?

लेक दहावीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. बीजगणिताचा पाचवा धडा, संभाव्यता, सुरू आहे. सूत्र (हव्या त्या शक्यता भागिले एकूण शक्यता) तिला पाठ आहे, भागाकारही चुकत नाही. घोडं अडतं ते मोजण्यात, आणि तिथे मीही तिच्याइतकीच अडले आहे.

काल रात्रीचं उदाहरण: ३ मुलगे आणि २ मुली, त्यांतून दोघांची समिती. एक मुलगा आणि एक मुलगी असण्याची संभाव्यता काढा. तिने नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहिला तो अ-ब, ब-अ, अ-क, क-अ असा, एकूण २० जोड्यांचा. मग मुलगा-मुलगी जोड्या मोजल्या, ३ × २ = ६. उत्तर ६/२०, म्हणजे ३/१०. पुस्तकात ३/५.

मी म्हटलं, "अगं, अ-ब आणि ब-अ ही एकच समिती." तर तिने मागचं पान उलटून दाखवलं. "मग दोन फाशांत (२,५) आणि (५,२) वेगळे का धरले? फासेही सारखेच दिसतात. एकच धरले तर ३६ नाही, २१ होतात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्लासमध्ये सांगितलंय की फाशांना क्रम लागतो, समितीला नाही, तेवढं लक्षात ठेवा. पण तिला कारण हवंय, आणि ते मिळावं असं मलाही मनापासून वाटतं. कुणी समजावून सांगाल का?

अजून एक. ०, १, २, ३, ४, ५ हे अंक एकेकदाच वापरून दोन अंकी संख्या किती? ती ६ × ५ = ३० म्हणते, उत्तर २५ आहे.

प्रतिसाद १

दुसरं आधी. दशकाची जागा पहिली भरायला सांगा, कारण अट तिथे आहे. तिथे ० चालत नाही, म्हणून ५ पर्याय. एककाला ० परत येतो आणि एक अंक वापरून झालेला असतो, म्हणजे पुन्हा ५. ५ × ५ = २५. तिच्या ३० मध्ये ०१ ते ०५ या पाच आल्यात.

प्रतिसाद २

ताई, लेकीचा प्रश्न फार चांगला आहे, तो "लक्षात ठेव" म्हणून मिटवू नका.

फासे सारखे दिसतात, पण आहेत दोन. एकावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. आता २ आणि ५ दोन प्रकारे पडतात: ठिपक्याच्या फाशावर २ किंवा ठिपक्याच्या फाशावर ५. ३ आणि ३ मात्र एकाच प्रकारे. ठिपका पुसला म्हणून फासे वेगळे पडायला लागत नाहीत. तेव्हा २१ प्रकार मोजायला हरकत नाही, पण ते समशक्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचे, नाहीत. २-५ ची शक्यता ३-३ च्या दुप्पट आहे. आणि आपलं सूत्र फक्त समशक्य निष्पत्तींनाच चालतं. सगळी मेख इथे आहे.

आता समिती बघा. तिथे अ-अ अशी जोडी होतच नाही. प्रत्येक जोडी बरोबर दोनदा येते, एकही अपवाद नाही. म्हणून क्रम धरा किंवा सोडा, दोन्ही चालतं: सोडला तर ६/१०, धरला तर १२/२०. उत्तर ३/५ च. तिने खाली क्रम धरला आणि वर सोडला, चूक एवढीच. तिचे २० चुकीचे नव्हते, हे तिला नक्की सांगा.

गॅलिलिओपुढेही असाच प्रश्न आला होता. तीन फाशांची बेरीज ९ व्हायचे आकड्यांचे गट ६, १० व्हायचेही ६, तरी जुगाऱ्यांना १० जास्त वेळा पडताना दिसायचे. त्याने क्रम धरून मोजलं: २१६ पैकी ९ चे २५ आणि १० चे २७.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज ल्युडोचे फासे काढले, एकाला ठिपका दिला आणि आम्ही १८० वेळा टाकले. ३-३ चार वेळा आले, २-५ अकरा वेळा. सहाव्या-सातव्या मिनिटालाच ती म्हणाली, "आई, ३-३ ला जोडीदारच नाही ना!"

मग समितीचं उदाहरण तिने दोन्ही रीतींनी सोडवलं, शेजारी शेजारी.

आता गॅलिलिओचे ९ मांडत बसली आहे. पहिल्यांदा २४ आले. शोधलं तर ३-३-३ राहून गेला होता.