‘कृत्रिम’ म्हणजे खोटं का? (लॅबच्या हिऱ्यावरून सुरू)

खडूस मास्तर
काल ‘रत्नपारखी’ यांनी लिहिलं, ‘कृत्रिम हा शब्दच हद्दपार करा, त्याला खोटेपणाचा वास येतो. लॅबच्या हिऱ्याला मानवनिर्मित म्हणा.’ दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण डोकं फिरलं. शब्दाचा काय गुन्हा? पाणिनीच्या सूत्रांनी सिद्ध होणारा सरळ शब्द आहे. शिजवून झालेलं ते पक्त्रिम, करून झालेलं ते कृत्रिम. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगितलेत, त्यात ‘कृत्रिम’ पुत्र वारसा मिळणाऱ्या पहिल्या सहांत बसतो. कृत्रिम रेतनाने झालेली गाय काय खोटं दूध देते? खोट्यासाठी आपल्याकडे नकली, बनावट, बेगडी असे ढीगभर शब्द आहेत. ते वापरा की.

रत्नपारखी
मास्तर, मनुस्मृती काउंटरवर चालत नाही. ‘कृत्रिम’ म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं, म्हणजे अमेरिकन डायमंड का? अमेरिकन डायमंड हा झिर्कोनियाचा खडा, त्यात कार्बनचा पत्ता नसतो. लॅबचा हिरा कार्बनच. नुसत्या भिंगातून सराफालाही फरक सांगता येत नाही, यंत्र लागतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018 मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ काढून टाकलं. आपण मात्र व्युत्पत्ती उगाळत बसलोय.

ठुशी
इतका अस्सल असतो तर परत का घेत नाहीत? मुलीच्या साखरपुड्याची अंगठी घेताना ‘खराच हिरा हो वहिनी’. मोडायला गेले तर ‘लॅबचा आम्ही घेत नाही’. सोन्याचे पैसे हातावर टेकवले आणि खडा पुडीत बांधून परत. त्यापेक्षा माझी एक ग्रॅमची ठुशी बरी. तिने सोनं असल्याचा आव कधी आणला नाही.

शेवंतीवाला
हिरे राहू द्या बाजूला. ‘कृत्रिम फुलं’ म्हणतात त्याचं काय? प्लास्टिकला संस्कृत नाव दिलं की झालं सोवळं! गणपतीत झेंडू दादरला नेला, भाव असा पडला की गाडीभाडं सुटलं नाही. माल तिथंच टाकून आलो. परतताना बघतो तर मंडळाच्या कमानीला प्लास्टिकचा झेंडू, आत देवापुढं प्लास्टिकची शेवंती. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात बंदीची मागणी झाली ती उगाच नाही.

चौथा मजला
दादा, दसऱ्याला ठाण्यात झेंडूचा भाव ऐकलाय का? आणि दुपारपर्यंत तो मान टाकतो. माझं तोरण धुऊन पुन्हा लागतं.

शेवंतीवाला
ताई, तो भाव आमच्या खिशात येतो असं वाटतं तुम्हाला? मधले खातात आणि बोल आम्हाला. फूल मान टाकणारच, म्हणून तर ते फूल. धुळीनं काळवंडलेलं प्लास्टिक देवाला वाहता, लाज नाही वाटत?

चौथा मजला
देवाला नाही, दाराला लावते! वाचून बोला. आणि कृत्रिम हौदात बाप्पा बुडवताना कुणाचं सोवळं मोडत नाही, माझ्या तोरणानेच काय घोडं मारलंय?

खडूस मास्तर
हौद कृत्रिम असला तरी पाणी खरं असतं. विषयावर या.

रत्नपारखी
मीच आणतो विषयावर. करून झालेलं ते कृत्रिम, म्हणजे प्लास्टिकचा झेंडूही कृत्रिमच ना? मग माझ्या हिऱ्याला त्याच पंगतीत का बसवता?

खडूस मास्तर
पंगत तीच. झेंडू कृत्रिम आणि वर नकली, हिरा नुसता कृत्रिम. ‘काउंटरवर फक्त कृत्रिम म्हटलं तर घोळ होतो’ एवढं तुमचं मान्य. खूश? पाटीवर ‘लॅबचा हिरा’ लिहा, चार माणसांना कळेल. ‘मानवनिर्मित’ म्हणाल तर काचेची बांगडीही मानवनिर्मितच आहे.

ठुशी
पाटीवर काय वाट्टेल ते लिहा. त्याखाली ‘परत घेतला जाणार नाही’ हेही लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

रत्नपारखी
वहिनी, प्रत्येक दुकानाचं धोरण वेगळं असतं...

ठुशी
हो, घेताना एक आणि देताना दुसरं.

शेवंतीवाला
चौथा मजला, अख्ख्या सोसायटीची ऑर्डर असेल तर दसऱ्याला थेट शेतातून झेंडू पाठवतो. मधला कुणी नाही.

चौथा मजला
आधी भाव सांगा. आणि मघाचं ‘लाज’ मागे घ्या.

शेवंतीवाला
भाव आदल्या दिवशी सांगतो. लाज घेतली मागे, पण तोरण उतरवा.