६० गिगाहर्ट्झसाठी फोटोडायोड डिझाइन करतोय, २८ च्या वर हलतच नाही

प्रकाशकण:
मंडळी, रेडिओ ओव्हर फायबरसाठी (रेडिओ सिग्नल लाइटवर चढवून फायबरमधून पाठवणं) डिटेक्टर सिम्युलेट करतोय. साधा पिन फोटोडायोड (लाइटचं करंट करणारा, पी आणि एन लेयरच्या मध्ये इंट्रिन्सिक लेयर असलेला), इंडियम फॉस्फाइडवर इंडियम गॅलियम आर्सेनाइड, १५५० नॅनोमीटर, लाइट वरून. व्यास २० मायक्रॉन, मधली इंट्रिन्सिक (डोपिंग म्हणजे मुद्दाम मिसळलेली अशुद्धी नसलेली) लेयर १ मायक्रॉन. कपॅसिटन्स कमी व्हावा म्हणून ती लेयर जाड केली तर बँडविड्थ (किती गिगाहर्ट्झपर्यंत सिग्नल पकडतो ती) उलट घसरली, आता डोकं चालेनासं झालंय.

अर्धवट_इंजिनिअर:
कपॅसिटन्सच्या मागे लागलास तिथेच फसलास. हिशोब कर ना, तुझ्या मापांना साधारण ३९ फेम्टोफॅरड येतात, ५० ओमला आरसी लिमिट (रोध आणि कपॅसिटन्समुळे येणारी मर्यादा) ८० गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तिथे काही अडत नाहीये. अडतंय ट्रान्झिट टाइमवर, १ मायक्रॉन पार करायला होल्स (धन चार्ज वाहणारे, इलेक्ट्रॉनपेक्षा हळू) रेंगाळतात आणि ३० लाच गाडी थांबते. लेयर अर्धी कर आणि व्यास १० कर, पण दोन्ही एकदम हां, नुसती लेयर पातळ केलीस तर कपॅसिटन्स दुप्पट होऊन ३५ च्या आतच अडकशील.

प्रकाशकण:
केलं, ५६ आले!! पण रिस्पॉन्सिव्हिटी (लाइटच्या मानाने मिळणारा करंट) पार झोपली.

जुना_लेझर:
झोपणारच की. अर्धा मायक्रॉन एका फेरीत जेमतेम ३० टक्के लाइट खातो. वेव्हगाइडवाला (लाइट कडेने आत घेणारा) घेतलास तर लाइट आडवा जातो आणि कॅरियर (इलेक्ट्रॉन, होल्स) उभे, त्यामुळे लेयर पातळ ठेवूनही शोषण मिळतं (फायबर अलाइन करताना रडायला येतं ती गोष्ट वेगळी). पण मला विचारशील तर पिनचा नादच सोड. तुला पुढे अँटेनाला पॉवर द्यायचीय, आणि करंट वाढवला की हळू चालणारे होल्स मध्येच साचतात, फील्ड दबतं, आउटपुट सॅच्युरेट. जपानच्या एनटीटी या टेलिकॉम कंपनीवाल्यांनी १९९७ मध्ये यूटीसी (यूनि-ट्रॅव्हलिंग-कॅरियर, म्हणजे एकाच जातीचे कॅरियर धावणारा) फोटोडायोड आणला तो यावरच तोडगा. त्यात शोषण पी-डोप्ड (होल्स जास्त असलेल्या) लेयरमध्ये होतं, तिथे होल्स मेजॉरिटी असल्याने त्यांना लांब पळावंच लागत नाही, आणि पुढच्या इंडियम फॉस्फाइडच्या कलेक्टर लेयरमधून फक्त इलेक्ट्रॉन सुसाट जातात. शोषणाच्या लेयरमध्ये डोपिंग ग्रेडेड (हळूहळू बदलणारं) ठेव मात्र, नाहीतर इलेक्ट्रॉन नुसते डिफ्यूज होत (आपोआप हळूहळू पसरत) बसतील.

फायबरबहाद्दर:
डिटेक्टरचं चालू दे, पण मॉड्युलेशन डबल साइडबँड (लाइटच्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना सिग्नल) आहे का? असेल तर साध्या सिंगल मोड फायबरमध्ये डिस्पर्शनमुळे (वेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या वेगाने जातात म्हणून) दोन साइडबँड एकमेकांना मारतात, ६० गिगाहर्ट्झला साधारण १ किमीवर सिग्नल गायब, २ ला परत येतो, ३ ला परत गायब. लोक डायोडला शिव्या घालत बसतात.

प्रकाशकण:
डबल साइडबँडच आहे. आणि लिंकमध्ये फायबर बरोब्बर ३ किमी धरलंय. आज रात्री सिंगल साइडबँड लावून बघतो, यूटीसी उद्या.