मदत हवी आहे: मुलाखतीनंतर उत्तर नाही, तिसरा मेल पाठवू का?

गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीसाठी (गुणवत्ता तपासणी) मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या. केमिस्ट्रीत बीएस्सी, एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) 3 वर्षं काम. ‘आठ दिवसांत कळवतो’ म्हणाले. आज 24 दिवस झाले. दोन मेल पाठवले, एकदा फोन केला. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ (मीटिंग अजून चालूच असावी.) काल तीच जागा पुन्हा जाहिरातीत दिसली. रागाने लिहिलेला मेल ड्राफ्टमध्येच ठेवलाय. गोवा लहान, हेच लोक उद्या दुसऱ्या कंपनीत समोर बसतील.

कुंडईच्या एका कंपनीला सोमवारपर्यंत होकार-नकार द्यायचाय. पगार कमी, पण डिचोलीहून जवळ. गोव्याबाहेर जाणं शक्य नाही.

वेर्ण्याला या ऑफरबद्दल सांगावं का? धमकी वाटू नये आणि अजिजीही नको, अशी पहिली ओळ तुम्ही कशी लिहाल?