बाळ अंगावर पितंय, घसा धरलाय. सेजचा चहा चालेल का?

नवीआई_स्टुटगार्ट
बाळ चार महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. तीन दिवस झाले, आवंढासुद्धा गिळवत नाहीये. शेजारच्या आजींनी कुंडीतली सेजची पानं खुडून दिली. इथे जर्मनीत त्याला 'झाल्बाय' म्हणतात. करडी-हिरवी, हाताला मखमलीसारखी, चुरडली की कापरासारखा वास. दिवसाला तीन कप चहा घे म्हणाल्या. आई फोनवर म्हणते, झाडपाल्यानं काय होतंय! घेऊ का?

मीनलमावशी
अगं, आधी तो कप खाली ठेव. धाकट्याच्या वेळी खोकल्यासाठी मी हाच चहा प्यायले. चौथ्या दिवशी लेकाला छातीशी धरलं की दोन मिनिटांत तोंड बाजूला करून रडायचा. घरी येणाऱ्या सुईणबाईंनी ओट्यावरचा डबा पाहिला नि म्हणाल्या, "हा तर आम्ही दूध तोडायला देतो!" चहा बंद केला, तासा-दीड तासानं पाजत राहिले, तेव्हा दूध परत आलं. तू सध्या मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर.

फार्मसीवाला
मावशींचं बरोबर आहे. मी इथल्या अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, काम करतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आम्ही सेजचा चहा देत नाही. एरवी वनस्पती गुणाची आहे. तुळशीच्याच कुळातली. घशाची-तोंडाची सूज, फार घाम येणं, यांवर युरोपीय औषध संस्थेनं ती मान्य केली आहे, पण पिढ्यानपिढ्यांच्या वापराच्या आधारावर, मोठ्या चाचण्यांच्या नव्हे. मोठ्या माणसाचा घसा धरला असेल तर अडीच ग्रॅम वाळलेल्या पाल्यावर 100 मिलिलिटर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवावं (झाकण हवंच, नाहीतर तेल वाफेबरोबर उडतं), गाळून कोमट असताना गुळण्या कराव्यात. दिवसातून तीनदा, आठवडाभरच.

जपायचं ते थुजोनला. पानाच्या तेलातला हा घटक जास्त पोटात गेला तर झटके येतात, म्हणून दिवसाला 6 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सेजच्या तेलाची बाटली कधीही पोटात घेऊ नका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. फिट येणाऱ्यांनी तर लांबच राहावं.

आणि ताई, तीन दिवस आवंढा गिळवत नाही म्हणजे उद्या सकाळी डॉक्टरांना घसा दाखवा.

नवीआई_स्टुटगार्ट
एकच कप झाला होता, उरलेला ओतून दिला. सकाळी नऊची वेळ घेतली आहे. पण आजींना काय सांगू? फार मायेनं दिलाय हो त्यांनी.

मीनलमावशी
खरं तेच सांग, त्याही आई आहेत. नि पानं टाकू नकोस. लोण्यात कुरकुरीत परतून नवऱ्याच्या पास्त्यावर घाल.